माशांविषयीचे लॅटिन मुळाचे इंग्रजी शब्द कसे शिकावेत

पुण्यात प्राणिशास्त्राचा अभ्यास करणारे विद्यार्थी, शेततळ्यात मासे सोडण्यापूर्वी प्रशिक्षण घेणारे शेतकरी आणि शास्त्रीय मजकूर मराठीत आणणारे अनुवादक या सर्वांना माशांविषयीच्या इंग्रजी परिभाषेचा सारखाच त्रास होतो. ‘पेक्टोरल’, ‘कॉडल’, ‘ऑपरक्युलम’, ‘पिसिव्होरस’ असे शब्द यादी करून पाठ केले जातात आणि परीक्षा किंवा काम संपले की विसरले जातात. हे शब्द टिकवायचे असतील तर त्यांची लॅटिन मुळे शिकावीत, आणि तीही शक्य तेवढी प्रत्यक्ष मासा समोर ठेवून शिकावीत, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी लॅटिन व्याकरण येण्याची गरज नाही. वीस-पंचवीस मुळे, उच्चाराचा एक नियम आणि एक वही एवढे पुरते. गणेश पेठेतील मासळी बाजारात किंवा कॅम्पातील शिवाजी मार्केटमध्ये कोकणातून येणारी समुद्राची मासळी आणि गोड्या पाण्यातले मासे अशा दोन्ही पाहायला मिळतात, त्यामुळे अभ्यासाचे साहित्य शोधत दूर जावे लागत नाही.

आधी निवड करावी

इंग्रजीतील प्रत्येक शब्द लॅटिनमधून आलेला नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. मराठीत आपण बाजारात ‘मासा’ म्हणतो आणि सरकारी कागदावर ‘मत्स्यव्यवसाय’ लिहितो. इंग्रजीतही रोजच्या हातातले शब्द आणि विद्वानांचे शब्द असे दोन थर आहेत. गळ, जाळे, आमिष, कल्ले, पर आणि गाभोळी यांसाठीचे ‘हुक’, ‘नेट’, ‘बेट’, ‘गिल’, ‘फिन’ आणि ‘रो’ हे शब्द जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन यांच्या स्वतःच्या भाषाकुळातले आहेत, आणि खुद्द ‘फिश’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. मासा पकडणाऱ्याच्या तोंडचे शब्द बहुधा पहिल्या थरातले असतात आणि माशाचे वर्णन करणाऱ्याच्या लेखणीतले दुसऱ्या थरातले. एखादा शब्द आखूड, एका अवयवाचा आणि खेडुताच्या तोंडी शोभणारा असेल तर त्याचे मूळ लॅटिनमध्ये शोधण्यात फारसा वेळ घालवू नये.

या नियमाला काही अपवाद आहेत आणि ते जाणून घेण्यासारखे आहेत. गळाच्या दोरीला इंग्रजीत ‘लाइन’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘लिनेआ’ म्हणजे तागाचा दोरा यावरून आला आणि ‘लिनेआ’च्या मुळाशी ‘लिनुम’ म्हणजे जवसाचे झाड आहे, कारण युरोपात धागा त्या झाडाच्या सालीपासून निघत असे. कोकणच्या किनाऱ्यावर जिला रापण म्हणतात तशा किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला इंग्रजीत ‘सेन’ म्हणतात. हा शब्द ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेल्या ‘साजेना’ या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. आपल्या मत्स्यबीज केंद्रांत ज्याला मत्स्यजिरे म्हणतात त्याचे इंग्रजी नाव ‘स्पॉन’. ते लॅटिन ‘एक्स्पान्देरे’ म्हणजे पसरणे या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे आले. मादी पाण्यात अंडी पसरते, ही क्रिया त्यात टिपलेली आहे. तीनही शब्द आज ठेठ इंग्रजी वाटतात, म्हणून वहीत त्यांचे वेगळे पान करावे.

एक मूळ आणि एक उच्चाराचा नियम

पहिले मूळ अर्थातच ‘पिस्किस’, म्हणजे मासा. त्याचे अनेकवचन राशिचक्रातील मीन राशीचे इंग्रजी नाव झाले. ‘पिसिकल्चर’ म्हणजे मत्स्यसंवर्धन, कारण ‘कोलेरे’ म्हणजे मशागत करणे. शेतीसाठीच्या ‘ॲग्रिकल्चर’ शब्दातही तेच क्रियापद आहे. ‘पिसिव्होरस’ म्हणजे मासे खाऊन जगणारा, कारण ‘व्होरारे’ म्हणजे गिळणे. ‘पिस्कटोरियल’ म्हणजे मासेमारीसंबंधी, आणि ते लॅटिन ‘पिस्कातोर’ म्हणजे मासेमार या शब्दावरून बनले आहे.

येथे विद्यार्थी अडखळतात, कारण एकाच मुळातील अक्षर ‘पिस्कटोरियल’मध्ये ‘क’ आणि ‘पिसिकल्चर’मध्ये ‘स’ असे उच्चारले जाते. प्राचीन रोममध्ये ते सर्वत्र ‘क’च होते. इंग्रजीत मात्र त्या अक्षरापुढे इ किंवा ए हा स्वर लिहिलेला असेल तर त्याचा ‘स’ होतो आणि अ, ओ, उ हे स्वर असतील तर ‘क’ राहतो. ग या अक्षराचेही बहुतेक असेच आहे. इ किंवा ए यांच्या आधी त्याचा ‘ज’ होतो. हा एक नियम ध्यानात ठेवला की माशांच्या शास्त्रीय नावांपैकी बहुतेकांचा रूढ उच्चार स्वतःच ठरवता येतो, आणि वरवर वेगळे वाटणारे शब्द एकाच मुळाचे आहेत हेही ओळखू येते.

‘पिस्किस’ काही शब्दांत पूर्ण लपलेला आहे. डॉल्फिनसारखा दिसणारा जो सागरी प्राणी इंग्रजीत ‘पॉर्पस’ म्हणून ओळखला जातो, त्याच्या नावात लॅटिन ‘पोर्कुस’ म्हणजे डुक्कर आणि ‘पिस्किस’ हे दोन्ही शब्द फ्रेंच तोंडून घासून एकत्र आले आहेत. ‘ग्रॅम्पस’ या नावात ‘क्रास्सुस’ म्हणजे जाड आणि तोच ‘पिस्किस’ आहे. दोन्ही प्राणी सस्तन आहेत, मासे नाहीत. पण नाव ठेवणाऱ्यांनी ते पाण्यात पाहिले आणि माशांत मोजले.

मासा समोर ठेवून अवयव शिकावेत

आता प्रत्यक्ष काम. बाजारातून रोहू आणि शिंगटी असे दोन मासे अखंड आणावेत. कोळिणीला किंवा विक्रेत्याला ते साफ न करता, पर न छाटता देण्याची विनंती करावी. ताटात मासा आडवा ठेवून बोट ठेवावे, लॅटिन मूळ मोठ्याने म्हणावे, मग इंग्रजी शब्द म्हणावा आणि शेवटी त्याच मुळाचा दुसरा एखादा ओळखीचा शब्द आठवावा. ही तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते शब्द टिकतो तो तिच्यामुळेच.

पाठीवरच्या परावर बोट ठेवले की ‘दोर्सुम’ म्हणजे पाठ, म्हणून ‘डॉर्सल’; कागदाच्या मागे सही करून पाठिंबा देणे या अर्थाचा ‘एन्डॉर्स’ त्याच घरातला. कल्ल्यामागच्या परांच्या जोडीवर ‘पेक्तुस’ म्हणजे छाती, म्हणून ‘पेक्टोरल’. व्यायामशाळेत छातीच्या स्नायूंसाठी हाच शब्द वापरतात. पोटाच्या बाजूला ‘व्हेन्तेर’, म्हणून ‘व्हेंट्रल’. हृदयाच्या कप्प्याला ‘व्हेंट्रिकल’ म्हणतात तो म्हणजे लहानसे पोट. तेथील परांच्या जोडीला ‘पेल्व्हिक’ म्हणतात, आणि ‘पेल्व्हिस’ म्हणजे पसरट भांडे. शेपटीला ‘काउदा’, म्हणून ‘कॉडल’. आणि रेशनच्या दुकानापुढे आपण ज्या ‘क्यू’त उभे राहतो तो शब्दही शेपटीच्याच अर्थाने ‘काउदा’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी बारीक रेघ बोटाने नीट चाचपावी. ‘लातुस’ म्हणजे कूस किंवा बाजू, म्हणून ती ‘लॅटरल’ रेषा. पाण्यातील हालचाल आणि दाब माशाला तिच्यामुळे जाणवतात.

ताजा मासा ओळखण्यासाठी आपल्याकडे कल्ल्यावरचे झाकण उचलून आतला रंग पाहण्याची रीत आहे. त्या झाकणाचे शास्त्रीय नाव ‘ऑपरक्युलम’, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ झाकण असाच आहे. लालभडक कल्ले पाहताना हा शब्द एकदा उच्चारला तर तो पुन्हा पाठ करावा लागत नाही.

शिंगटी निवडण्याचे कारण तिच्या लांब मिशा आणि पाठीवर शेपटीजवळ असलेला मऊ, काटे नसलेला लहान पर. मिशांना ‘बार्बेल’ म्हणतात. ‘बार्बा’ म्हणजे दाढी, आणि ‘बार्बर’ हा त्याच दाढीवरून नाव मिळालेला कारागीर. मऊ पराला ‘ॲडिपोज’ म्हणतात, कारण ‘अदेप्स’ म्हणजे चरबी. माशाच्या एकूण आकारासाठी ‘फ्युसिफॉर्म’ हा शब्द येतो. ‘फुसुस’ म्हणजे सूत कातण्याची चाती, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर. बांगडा हातात धरला की या शब्दाला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

शास्त्रीय नावे फोडण्याची पद्धत

अवयव झाले की बाजारातील फळीवरून एकेका माशाचे शास्त्रीय नाव घ्यावे आणि त्याचे दुसरे पद फोडावे. पहिले पद प्रजातीचे असते व बरेचदा अवघड असते. दुसरे पद जातीचे असते आणि त्यात मासा कसा दिसतो हे पुष्कळदा सरळ सांगितलेले असते. ही दोन पदांची पद्धत प्राण्यांसाठी स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली सर्वत्र लागू केली, आणि नावे लॅटिनच्या साच्यात असावीत हा दंडक आजही पाळला जातो.

पापलेटासाठी रूढ असलेल्या ‘पाम्पस अर्जेन्टियस’ या नावात ‘अर्जेन्तुम’ म्हणजे चांदी आहे. हलव्याच्या नावाचे दुसरे पद ‘नायजर’, म्हणजे काळा. तारलीचे ‘लाँजिसेप्स’, म्हणजे लांब डोक्याची. ‘लोंगुस’ म्हणजे लांब आणि ‘कापुत’ म्हणजे डोके, आणि वर सांगितलेला ग व क यांचा नियम या एका शब्दात दोन्ही ठिकाणी दिसतो. ठिपकेदार सुरमईच्या एका जातीचे ‘गटेटस’, कारण ‘गुत्ता’ म्हणजे थेंब आणि तिच्या अंगावर थेंब शिंपडल्यासारखे ठिपके असतात. रायगडकडील जिताड्याचे ‘कॅल्कॅरिफर’. ‘काल्कार’ म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेची आरी आणि ‘फेर’ म्हणजे धारण करणारा. उजनीच्या मासळीत दिसणाऱ्या वामीचे ‘आर्मेटस’, म्हणजे शस्त्रधारी, आणि तिच्या पाठीवरचे सुटे काटे बोटाला लागले की नाव कशावरून पडले हे कळते. रोहूच्या बाबतीत मात्र पहिले पदच बोलके आहे: ‘लेबिओ’ म्हणजे मोठ्या ओठांचा.

सर्वांत सुंदर उदाहरण बांगड्याचे आहे. ‘रास्ट्रेलिजर’ म्हणजे लहान दाताळे बाळगणारा: ‘रास्त्रुम’ म्हणजे दाताळे, त्याचे लहान रूप ‘रास्त्रेल्लुस’, आणि ‘गेरेरे’ म्हणजे बाळगणे. बांगड्याचे तोंड उघडून आत पाहावे. कल्ल्यांच्या कमानींवर पिसांसारखे लांब, दाट काटे दिसतात. त्यांनी तो पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून घेतो. नाव देणाऱ्याने नेमके तेच पाहिले होते. या नावाचे दुसरे पद ‘कानागुर्टा’ हे लॅटिन नसून पूर्व किनाऱ्यावरील तेलुगू भाषकांकडून घेतलेले आहे.

प्रत्येक विचित्र शब्द लॅटिन समजण्याची चूक येथे होऊ शकते, कारण शास्त्रीय नावांत ग्रीक शब्दांनाही लॅटिन पोशाख चढवलेला असतो. मत्स्यशास्त्राचे नाव ‘इक्थिऑलॉजी’ ग्रीक आहे. बोंबलाच्या ‘हार्पाडॉन’ या नावातील विळ्यासारखे दातही ग्रीक आहेत. रोमन लिपीतील रूपात प, त, क किंवा र यांच्यापुढे हकार जोडलेला असेल, किंवा मध्येच ‘वाय’ हे अक्षर स्वर म्हणून आलेले असेल, तर शब्द ग्रीक असण्याची शक्यता मोठी असते. असे शब्द वहीच्या मागच्या बाजूने लिहीत जावेत, म्हणजे दोन्ही कुळे आपोआप वेगळी होतात.

पुण्याच्या नदीतून लॅटिनमध्ये गेलेली नावे

पुण्याच्या वाचकाने या अभ्यासात विल्यम हेन्री साइक्स यांचे काम अवश्य पाहावे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील या अधिकाऱ्याची 1824 साली मुंबई सरकारचा सांख्यिकी अहवालकार म्हणून नेमणूक झाली, आणि दख्खनमध्ये फिरताना त्यांनी येथील माशांची वर्णने केली. ती 1839 साली संक्षेपाने आणि 1841 साली चित्रांसह सविस्तर प्रसिद्ध झाली. साइक्स यांनी अनेक माशांना स्थानिक मराठी नावेच दुसरे पद म्हणून दिली. मळ्या मासा आज ‘गारा मुल्या’ आहे आणि शिंगाळा ‘स्पेराटा सींघाला’ आहे. दख्खनच्या महसीराला साइक्स यांनी ‘बार्बस खुद्री’ असे नाव दिले आणि त्याचा नमुना पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेच्या पात्रातला होता. पुढे त्याची प्रजाती बदलून ‘टॉर खुद्री’ झाले, पण मूळ नावात रोमची दाढी आणि मुळा-मुठेच्या काठची बोली शेजारी बसल्या होत्या. पुण्याच्या शाळेत हा विषय शिकवायचा असेल तर सुरुवात या नावापासून करावी, असे मी प्रत्येक शिक्षकाला सुचवीन. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. या भागातील प्राण्यांच्या नावांची आणि नमुन्यांची शास्त्रीय चौकशी करण्यासाठी ते योग्य ठिकाण आहे.

संस्कृतचा आधार, जपून

मराठी वाचकाकडे एक साधन असे आहे जे इंग्रजी वाचकाकडे सहसा नसते. लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातील भाषा आहेत. ‘फेर’ म्हणजे धारण करणे आणि आपला ‘भार’ व ‘भरण’ सगोत्र आहेत; ‘देन्स’ आणि ‘दंत’, ‘व्हिव्हुस’ आणि ‘जीव’ यांचेही नाते तेच; ‘व्होरारे’ आणि आपले ‘गिळणे’ यांची मुळेही एकाच धातूपर्यंत जातात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्यात सोडतात त्या गप्पी माशांना काही पुस्तकांत ‘ओव्होव्हिव्हिपॅरस’ म्हटलेले असते. हा शब्द पाहून घाबरू नये. ‘ओव्हुम’ म्हणजे अंडे, ‘व्हिव्हुस’ म्हणजे जिवंत, ‘पारेरे’ म्हणजे प्रसवणे: अंडी पोटातच उबवून जिवंत पिले देणारा. ‘पिस्किस’ आणि ‘फिश’ यांचे नातेही असेच उलगडते. मूळ भाषेतला ‘प’ लॅटिन व संस्कृतात टिकला आणि जर्मानिक भाषांत ‘फ’ झाला. म्हणूनच आपला ‘पिता’ आणि लॅटिन ‘पातेर’ यांच्यासमोर इंग्रजीत ‘फादर’ येतो, ‘पाद’ व ‘पेस’ यांच्यासमोर ‘फूट’ येतो. म्हणजे ‘फिश’ ही ‘पिस्किस’ची लेक नसून बहीण आहे.

मात्र केवळ कानाला सारखे वाटले म्हणून नाते जोडू नये. लहान माशांच्या एका गटाला इंग्रजीत ‘मिनो’ म्हणतात, आणि आपल्याला लगेच ‘मीन’ आठवतो. पण ‘मीन’ हा शब्द संस्कृतात द्राविडी भाषांतून आला असे भाषाभ्यासक मानतात, तर ‘मिनो’ जर्मानिक आहे. नाते ठरवण्यासाठी एकाच प्रकारचा ध्वनिबदल अनेक शब्दांत दिसावा लागतो. तो दिसत नसेल तर वहीत त्या जोडीपुढे प्रश्नचिन्ह ठेवावे.

ज्या शब्दांमागे गोष्ट आहे ते गोष्टीसह लिहावेत. ‘रेमोरा’ म्हणजे लॅटिनमध्ये विलंब. मोठ्या माशांना व जहाजांच्या तळाला चिकटणारा हा मासा जहाज थांबवतो असा रोमन लोकांचा समज होता आणि थोरला प्लिनी या रोमन लेखकाने इ. स. पहिल्या शतकात तो नोंदवला आहे. ‘टॉर्पेडो’ हे आधी विजेचा धक्का देणाऱ्या पाकटासारख्या माशाचे नाव, ‘तोर्पेरे’ म्हणजे बधिर होणे यावरून. पाण्याखालच्या शस्त्राला ते फार नंतर मिळाले. ‘लार्व्हा’ म्हणजे भूत किंवा मुखवटा, कारण त्या अवस्थेत प्रौढ प्राण्याचे रूप झाकलेले असते. शिणाण्यांसारख्या शिंपल्याचे नाव ‘मसल’ हे ‘मुस्कुलुस’ म्हणजे लहान उंदीर यावरून आले.

शेवटी लेखनाच्या दोन बाबी. लॅटिन शब्द इंग्रजीत बरेचदा आपले अनेकवचन घेऊन येतात: ‘लार्व्हा’चे ‘लार्व्ही’, ‘ओव्हम’चे ‘ओव्हा’, ‘ऑपरक्युलम’चे ‘ऑपरक्युला’. या नमुन्यावर ‘ऑक्टोपस’चे ‘ऑक्टोपाय’ करतात ते मुळाला धरून नाही, कारण तो शब्द ग्रीक आहे. इंग्रजी पद्धतीचे ‘ऑक्टोपसेस’ लिहावे. दुसरी बाब लिंगाची. जातीचे पद विशेषण असेल तर ते प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलते. ठिपकेदार मरळीचे नाव जुन्या पुस्तकांत ‘चन्ना पंक्टाटस’ आणि नव्या पुस्तकांत ‘चन्ना पंक्टाटा’ असे आढळते, कारण ‘चन्ना’ स्त्रीलिंगी धरले गेले. मासा एकच आहे, म्हणून संदर्भ शोधताना दोन्ही रूपांनी शोध घ्यावा आणि स्वतः लिहिताना नवे रूप वापरावे.